कडवाल्याचे तीन

लाँड्रीवाल्यानं कोटासोबत दिलेल्या चिठ्ठीवर ‘डाग ३’ असं लिहिलं होतं, आणि डाग होता एकच. डाव्या खिशाखाली, चहाचा, बटणाएवढा. तिनं स्वतःच तो सोमवारी समितीच्या बैठकीत पाडून घेतला होता, कचेरीतला दशांश ‘चार नंबर काढूनच टाकू या’ असं म्हणाला त्या क्षणी. आता तीस वर्षं आकड्यांत घालवलेल्या बाईला एकाचे तीन झालेले कसे चालतील? तिनं चिठ्ठी परत काउंटरवर सरकवली. “अहो, एकच होता.” लाँड्रीवाल्यानं चष्मा कपाळावर चढवला, चिठ्ठी पाहिली, तिच्याकडे पाहिलं. “एकच होता की. पण कडवाला ना, बाई. कडवाल्याचे तीन.” “म्हणजे काय?” “म्हणजे कड धरलेला. मधे काळा, भोवती फिकट वळं. त्याला तीनदा हात लावावा लागतो. आधी कड, मग पोट, मग पुन्हा सगळं एकदम. पोट आधी घेतलं की कड पसरते, मग बसा बोंबलत. म्हणून चिठ्ठीवर तीन. धुणाऱ्याला कळायला नको? या धंद्यात पहिल्यापासून असंच मोजतात.” मागे उभ्या असलेल्या माणसानं घसा खाकरला, तरी ती हलली नाही. मधे काळा, भोवती फिकट वळं. लाँड्रीवाल्याला वाटलं, बाईंना राग आला. “डाग गेलाय हो पूर्ण,” तो म्हणाला, “उजेडात धरून बघा.”

उजेडात धरून बघण्यासारखं दुसरंच काहीतरी होतं, आणि ते कोटात नव्हतं. फुटपाथवरून चालताना तिला मधेच थांबून एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकावं लागलं. तिचं काम सांगायला सोपं होतं, करायला महाकठीण. सूर्यावर डाग पडतात. कधी एकही नसतो, कधी पन्नास असतात, आणि साधारण अकरा वर्षांत त्यांची भरती येऊन ओसरते. शेकडो वर्षं निरनिराळ्या माणसांनी ते आपापल्या छपरावरून मोजले आणि वहीत लिहून ठेवले. पण माणूस म्हटलं की मोजण्यात हात आखडता-सैल आलाच. एक डॉक्टर होता, तो जिथं तिथं डाग बघायचा. दीपगृहाचा एक रखवालदार होता, त्याला धडधडीत मोठा असल्याशिवाय डाग मान्यच नसायचा. मग प्रत्येकाच्या आकड्याला कशानं तरी गुणायचं आणि सगळ्यांना एका पातळीवर आणायचं. त्या संख्येला गुणक म्हणतात. तिच्या समितीकडे अशा सहा जणांच्या वह्या होत्या. पाच जण मारूनमुटकून का होईना रांगेत बसले. चौथा बसेना. चौथ्याची पहिली बावीस वर्षं सोन्यासारखी, आणि शेवटची अकरा म्हणजे नुसता गोंधळ. सूर्य शांत असला की त्याचे आकडे इतरांशी तंतोतंत जुळायचे. सूर्य खवळला की ते एकदम फुगायचे. एक गुणक लावावा तर शांत वर्षं बुडायची, दुसरा लावावा तर खवळलेली वर्षं आभाळाला टेकायची. “घाबरट मोजदाद आहे ही, सूर्य खवळला की एकाचे चार दिसणारी,” दशांश म्हणाला होता. हा तिचा तरुण सहकारी. ‘चहा घेणार का’ विचारलं तरी याचं उत्तर दशांशात येईल म्हणून कचेरीत त्याचं हे नाव पडलेलं. पोरगा वाईट नव्हता. म्हणताना त्यानं मान खाली घातली होती, कारण चौथा निरीक्षक म्हणजे तिचा बाप हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. त्या अकरा वर्षांत बाकीच्या पाचांपैकी कुणाचीच वही सलग नव्हती, मुख्य वेधशाळेच्या काचेवरच्या छायाचित्रांपैकी निम्मी ओल येऊन गेलेली. एक अख्खं चक्र एकट्या चार नंबरवर उभं होतं. तो गेला की तिथं भोक. यादी उद्या दुपारी छपाईला जायची होती, आणि तिच्या नावापुढे ‘अविश्वसनीय’ नव्हे, पण तिच्या बापाच्या नावापुढे ‘अविश्वसनीय’ असं छापून यायचं होतं. तिच्या लेखी दोन्ही एकच.

आई लाँड्रीत होती. हे वाक्य तिनं आयुष्यात मोजून दोन-तीनदा उच्चारलं असेल. अशा गल्लीतल्या दुकानात नव्हे, मोठ्या धुलाईखान्यात, जिथं रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी ढिगांनी यायच्या आणि जिथल्या वाफेनं भिंतींना कायम घाम फुटलेला असायचा. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद झालं त्या वर्षी आई तिथं लागली. ती स्वतः तेव्हा नऊ वर्षांची होती. दुकान का बंद झालं, तर बाबांचा हात थरथरायला लागला म्हणून. नातेवाइकांत, शेजारीपाजारी, शाळेत, सगळीकडे हेच सांगितलं जायचं, आणि तिनंही ते पाठ केलं होतं. पायरीवर बसल्या बसल्या तिनं पहिल्यांदा स्वतःला विचारलं: बाबांचा हात थरथरताना तू कधी पाहिलास? काठोकाठ भरलेला कप ते स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत न्यायचे, थेंब सांडायचा नाही. सुईत दोरा मात्र आई ओवायची. वर्तमानपत्र आई मोठ्यानं वाचायची, बाबांना ऐकायला आवडतं म्हणून. रस्त्यात ओळखीचं कुणी समोर आलं की आई आधी नाव घेऊन बोलायची, मग बाबा हसायचे. आणि रोज सकाळी आठ वाजता दोघं गच्चीवर जायची. बाबा मोजायला, आई वाळत घालायला. ती तेव्हा शाळेत असायची. सुट्टीच्या दिवशी अंथरुणात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आईच म्हणायची, तिचं पेन तिच्याच केसांत सापडलं की.

दुर्बीण गच्चीच्या कोपऱ्यात असायची, आणि तिच्यातून कुणी थेट बघायचं नाही, हा घरातला पहिला नियम. मागे एक लाकडी चौकट होती, तिच्यावर ताणून बसवलेलं पांढरं कापड. त्या कापडावर सूर्याची थाळीएवढी प्रतिमा पडायची. आधी तिथं कागद असायचा. कापड आईनं आणलं, धुलाईखान्यात बाद झालेल्या चादरीचा तुकडा, खळ घालून कडक केलेला. कागदावरच्या कुसांचे खोटे ठिपके दिसतात, असं आईचं म्हणणं होतं. तिला तेव्हा त्याचं हसू आलं होतं. आईला काय कळतंय सूर्यातलं? आता डोळ्यांपुढे ते पांढरं कापड आलं आणि त्याच्यासमोर ओल्या हातांनी उभी असलेली आई; दिवसभर पांढऱ्या कापडावरचे डाग शोधणं हाच जिचा धंदा. तिच्यासमोर कुणी पांढरं कापड धरलं तर ती दुसरं काय करणार? मधे काळा, भोवती फिकट वळं. कडवाल्याचे तीन. अगं आई गं, ती स्वतःशीच म्हणाली, आणि समोरून जाणारी बाई वळून बघायला लागली.

कचेरीत पोचली ती थेट तळघरात गेली. आजवर सगळं काम त्यांनी जुन्या, धुरकट झेरॉक्सवर केलं होतं. मूळ वह्या तळघरातल्या लोखंडी कपाटात होत्या. तिनं चार नंबरच्या शेवटच्या वह्या वर आणल्या. उघडल्याबरोबर तिला दिसलं की दुकान बंद झालं त्या वर्षापासून आकडे मोठे झालेत, चौकटीच्या बाहेर सांडलेत, कधी एकमेकांवर चढलेत. झेरॉक्समध्येही ते दिसत होतंच की; पण तिनं त्याचा अर्थ थरथरणारा हात असा आधीच लावून ठेवलेला होता. मग तिनं एक दिवस निवडला, ज्याची काच शिल्लक होती. भिंग घेऊन काचेवरचे डाग मोजले: अकरा. त्यांतले कडवाले चार. चार कडवाल्यांचे बारा, उरलेले साधे सात. एकोणीस. वहीत बघायचं तिचं धाडस होईना. उठून ती पाणी प्यायली, तिनं खिडकी लावली, उगाच पुन्हा उघडली. वहीत एकोणीस होते. दुसरा दिवस: चौदा डाग, कडवाले पाच, म्हणजे चोवीस. वहीत चोवीस. तिसरा. चौथा. दुपारपर्यंत तिनं चाळीस काचा पाहिल्या. छत्तीस तंतोतंत, चारांत एका-दोनाचा फरक. बाबांच्या उमेदीच्या बावीस वर्षांतही इतकं जुळत नव्हतं. घाबरट म्हणे. कुठलीही घाबरट मोजदाद नव्हती ती, अकरा वर्षं दगडासारखा स्थिर डोळा होता. शांत सूर्यावर कडवाले डाग नसतात म्हणून तेव्हा आकडे जुळायचे. खवळलेल्या सूर्यावर ते असतात म्हणून फुगायचे. इतकं साधं. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. फक्त हा आनंद कागदावर मांडायचा तर त्याच्या पहिल्याच ओळीत लिहावं लागणार होतं की हे आकडे चौथ्या निरीक्षकाचे नाहीत.

आणि त्यात पुन्हा ते चौदा दिवस होते. ती ज्या वर्षी विषमज्वरानं आजारी पडली त्या वर्षातले. त्या पंधरवड्याचं पान तिला झेरॉक्सवरूनही पाठ होतं: डागांचे पुंज दोन, त्यांत डाग पाच; मग दोन, पाच, दोन, सहा, दोन, सहा, दोन, पाच. शेजारी तिनंच पेन्सिलीनं टिपलं होतं, ‘शांत पंधरवडा’. आता तिनं त्या दिवसांच्या काचा काढल्या, पाच होत्या. पाचही काचांवर सूर्याच्या तोंडावर एक भलंमोठं काळं धूड होतं, कडेसकट, भोवती पिलावळ घेऊन. तीननं गुणून बघा, गुणू नका, पाच-सहाशी काही केल्या ते जुळणार नव्हतं. तिला रुग्णालय आठवलं. चौदा वर्षांची ती, टक्कल केलेली, खिडकीशी खाट. आणि आई रात्रंदिवस खाटेशी, चौदा दिवस घरी गेली नाही. एका संध्याकाळी वॉर्डातल्या बायका खिडकीशी गोळा झाल्या होत्या. धुरकटलेला लाल सूर्य छपरांमागे चालला होता आणि त्याच्यावर नुसत्या डोळ्यांना दिसेल असा काळा ठिपका होता. परिचारिका म्हणाली, अपशकुन आहे. आई म्हणाली, “अपशकुन कसला, कडवाला आहे.” तापात ऐकलेलं हे वाक्य तिनं इतकी वर्षं ग्लानीतलं म्हणून बाजूला ठेवून दिलं होतं. संध्याकाळी बाबा भेटायला आले तेव्हा आईनं त्यांना विचारलं, “सकाळचं झालं का?” आणि बाबा म्हणाले, “झालं. दिसतं मला अजून तेवढं.” आई म्हणाली, “बरं.” बस, इतकंच. बरं.

बाबांचं घर पंधरा मिनिटांवर होतं. वह्या कचेरीबाहेर न्यायला परवानगी नव्हती. तिनं दोन वह्या सरळ धुतलेल्या कोटात गुंडाळल्या आणि निघाली. तीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडताना तिला वाटलं तितकं काही वाटलं नाही. राग येत होता, तो दुसऱ्याच गोष्टीचा. सत्काराचा. तेहतीस वर्षं अखंड निरीक्षण म्हणून बाबांचा सत्कार झाला होता, ती वीस वर्षांची असताना. बाबा मंचावर, ती पहिल्या रांगेत, आई शेवटच्या रांगेत, मांडीवर पिशवी. बोलणारा म्हणाला होता, “या काळात यांना गच्चीवर वेळेवर चहा कुणी पोचवला, त्यांचाही सत्कार व्हायला हवा!” सगळे हसले. तीही हसली. वळून पाहिलं तर आईही हसत होती, तोंडाला पदर नव्हे, ती सुरकुतलेली, सोड्यानं पांढरी पडलेली बोटं लावून. त्याच महिन्यात बाबांनी मोजणं थांबवलं. “तेहतीस पुरे,” म्हणाले. सगळ्यांना तो मोठेपणा वाटला. त्याच महिन्यात आईच्या गुडघ्यांनी जिना सोडला होता, ही गोष्ट कुणी त्याच्याशेजारी ठेवून पाहिली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा घरात तिच्या वस्तू म्हणून एक पिशवीभर कपडे निघाले, आणि त्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या कोपऱ्यात तिची खूण होती.

ती खूण. तीन ठिपके आणि खाली एक तिरकी रेघ. धुलाईखान्यात प्रत्येक धुणारीची आपली खूण असायची, न जाणाऱ्या शाईनं कापडाच्या कोपऱ्यात घातलेली. हे मी धुतलंय, काही राहिलं असेल तर मला विचारा, असा तिचा अर्थ. आई घरच्या कपड्यांवरही ती घालायची, शाळेच्या कॉलरवरसुद्धा. वर्गातल्या मुलींना ती दिसली आणि मग ‘धोबीण’ हे नाव तिला वर्षभर पुरलं. एक दिवस तिनं बाबांचं ब्लेड घेऊन कॉलरवरची खूण खरवडून काढली. कापड विरलं, शेवटी भोक पडलं. आईनं भोक पाहिलं. रागावली नाही, रफू केलं, आणि त्यानंतर तिच्या कपड्यांवर कधी खूण घातली नाही. आजही ते भोक आठवलं की तिचा हात आपोआप मानेकडे जातो. आत्ताही गेला.

बाबा खिडकीशी बसले होते, नेहमीप्रमाणे तोंड थोडं बाजूला वळवून. शहाऐंशी पूर्ण. “आज किती?” त्यांनी विचारलं. रोज संध्याकाळी ती आली की हा पहिला प्रश्न. वेधशाळेचा आकडा ती सांगायची, मग बाकीचं बोलणं. तिनं कोट खुर्चीवर ठेवला. जिन्यात तिनं बरीच वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही तोंडातून आलं नाही.

“बाबा, कडवाल्याचे किती धरायचे?”

“तीन,” बाबा म्हणाले.

म्हणून गेले. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. बाबांचा चेहरा तिच्याकडे वळला नाही. बघायचं असलं की ते तोंड फिरवायचे, हे तिला माहीत होतं, पण का ते आज कळत होतं. समोर धरलेलं त्यांना दिसतच नव्हतं.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“कशाचं कधीपासून?”

“बाबा.”

“दुकानाच्या आधी एक वर्ष,” ते म्हणाले. “मधोमध एक करडा ठिपका बसला. मग तो वाढला. कडेचं सगळं दिसतं अजून. आत्ता तुझा खांदा दिसतोय, खुर्ची दिसतेय. तोंड नाही दिसत. तुझं लग्न झालं तेव्हाचं तोंडही मला ठाऊक नाही, पोरी. नऊ वर्षांची आहेस तू माझ्या लेखी. डॉक्टर म्हणाले, सूर्याचा काही संबंध नाही, असतं एकेका घराण्यात. पण हे कुणाकुणाला समजावणार? लोक म्हणाले असते, सूर्यानं डोळे खाल्ले, आता याचे जुने आकडेही खोटे. बावीस वर्षं गेली असती पाण्यात. तुझ्या आईलाच मी म्हटलं, तू बघ आणि सांग, मी लिहितो.”

“आणि ती कशी मोजते हे विचारलं नाहीत?”

“डाग मोजायला काय विचारायचं? बऱ्याच वर्षांनी एकदा बोलता बोलता निघालं. कडवाल्याचे तीन. मी म्हटलं, अगं, असं नसतं. ती म्हणाली, मग आधीचे सगळे परत मोजायचे का? ते कुठून मोजणार? आणि मधेच पद्धत बदलली असती तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. मी म्हटलं, चालू दे.”

“उद्या यादी जातेय,” ती म्हणाली. “मी हे लिहिलं नाही तर अकराच्या अकरा वर्षं कचऱ्यात जातील. तुमच्या नावापुढे अविश्वसनीय लागेल. लिहिलं, की एकूण एक आकडा जागेवर बसतो. मी पाहिलंय बसवून. आईसारखं कुणीच मोजलेलं नाही बाबा, सहाजणांत कुणीच नाही.”

“आणि मी?”

“तुमची बावीस वर्षं तुमचीच.”

“अखंड तेहतीस म्हणून ताम्रपट आहे तो भिंतीवर.” आवाज चढला. “खाल्ल्या घरचे वासे मोजायला बसलीस तू. मी किती दिवसांचा सोबती? मेल्यावर लिही ना. काय घाई आहे? सूर्य कुठं पळून जातोय?”

“यादी उद्या जातेय.”

“मग जाऊ दे ती अकरा वर्षं!” बाबा म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांचं त्यांनाच ते ऐकू गेलं असावं. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. मग हळू म्हणाले, “एकदा म्हणाली होती ती. सत्काराचं पत्र आलं तेव्हा. माझंही नाव कुठंतरी लिहा म्हणाली, बारीक अक्षरात का होईना. मी म्हटलं, तिथं मोठमोठी माणसं असतात, चादरी धुणाऱ्या बाईचं मोजमाप कोण धरणार? आपलं दोघांचंही हसं होईल. ती म्हणाली, बरं.”

पुन्हा बरं. तिला एवढा राग आला की बाबांच्या समोर बसवेना. काहीतरी करायचं म्हणून तिनं कोट उलगडला आणि वही उघडली, खिडकीच्या उजेडात धरली. ‘उजेडात धरून बघा.’ पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. झेरॉक्सवर ते धुळीसारखं दिसायचं. पानोपानी होतं म्हणून तिनंच समितीच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘कोपऱ्यात शाईचे डाग, दुर्लक्ष करावे.’ तिच्या स्वतःच्या अक्षरात. तीन ठिपके, खाली एक तिरकी रेघ. तिनं पान उलटलं. तीन ठिपके, रेघ. पुढचं पान. पुढचं. अकरा वर्षं, दर पंधरवड्याला एक पान, आणि प्रत्येक पानावर ती खूण, टाकाच्या टोकानं दाबून घातलेली, न जाणाऱ्या शाईतली. हे मी धुतलंय. तिचा हात मानेकडे गेला.

“काय झालं?” बाबा म्हणाले. “गप्प का झालीस?”

तिनं जवळ जाऊन त्यांचा उजवा हात धरला, तर्जनीचं बोट पानाच्या कोपऱ्यावर नेलं. घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगा चाचपलेलं बोट ते. त्याला टाकानं दाबलेली खळी कळायला कितीसा वेळ? एक, दोन, तीन. मग रेघ. बोट थांबलं. त्या घरात त्या खुणेचा कपडा अंगावर न घातलेला कुणी नव्हता.

“सगळ्या पानांवर?”

“सगळ्या.”

“मला कधी...” ते बोलायचे थांबले. दिसली नाही हे सांगायची गरज नव्हती. त्यांच्याच हातातल्या वहीत, त्यांच्याच डोळ्यांदेखत आई अकरा वर्षं सही करत होती.

मग तिला ते पान आठवलं. वही तिनं मागे चाळली. आधीच्या पंधरवड्यावर खूण होती, पुढच्यावर होती. मधल्यावर नव्हती. कोपरा कोरा. तिनं दोनदा उजेडात धरून पाहिलं. न सांगता चाललं असतं, पण आता न सांगण्याचा तिला मनापासून वीट आला होता. तिनं बाबांचं बोट त्या कोपऱ्यावर ठेवलं.

“इथं काही लागत नाही,” बाबा म्हणाले.

“हे मी रुग्णालयात होते तेव्हाचं आहे.”

बोट कोपऱ्यावर फिरत राहिलं, पुढे, मागे, कडेपर्यंत. “नीट बघ. पुसट असेल.”

“नाही बाबा. नाहीये.”

“म्हणजे तिला माहीत होतं.” त्यांचा आवाज अगदी साधा झाला होता. “मी तिला सांगितलं होतं, मला दिसतं अजून थोडं, मी मोजलंय. मोजलं कसलं, नुसता पांढरा गोळा दिसायचा. एक दिवस कोरा ठेवायचीसुद्धा हिंमत झाली नाही. अखंड राहायला हवं होतं ना. आणि तिला पहिल्यापासून माहीत होतं. जाईपर्यंत एका शब्दानं बोलली नाही.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं; ते त्यांनी पुसलं नाही. तिनंही पुसलं नाही. तिला त्यांची दया येत होती आणि राग जात नव्हता, दोन्ही एकाच वेळी, आणि तसंच ती उभी राहिली.

बऱ्याच वेळानं बाबांनी वही मिटली, चाचपडत कोटावर ठेवली. धुलाईखान्यात कुणाची चादर कुणाच्या गठ्ठ्यात गेली की आई घरी येऊन सांगायची, आणि सांगणं संपवताना नेहमी एकच म्हणायची. तेच बाबा म्हणाले.

“ज्याचं कापड त्याच्या घरी दे.”

“आणि ते चौदा दिवस?”

“ते माझे. माझ्या नावावर काट मार.”

तिनं तिथूनच दशांशाला फोन लावला. तो अजून कचेरीतच होता. तिनं सगळं सांगितलं: कडवाले, काचा, छत्तीस आणि चार, चौदा दिवस. पलीकडे पेन्सिल चालल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “म्हणजे कडवाल्यांचे जादाचे दोन-दोन वजा केले की गुणक एक पूर्णांक शून्य शून्य...” आणि पुढचा दशांश न सांगताच थांबला. थोड्या वेळानं म्हणाला, “चार-अ म्हणून टाकू का बाई? वही तीच आहे.”

“नाही,” ती म्हणाली. “नवा नंबर उघड. सात.”

“नाव?”

तिनं आईचं नाव सांगितलं, पूर्ण. इतक्या वर्षांत ते नाव तिनं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. तिच्यासाठी ते नुसतं आई होतं. दशांश लिहून घेत होता. “शेवटची वेलांटी पहिली की दुसरी?” त्यानं विचारलं. तिला एकदम सुचेना.

“दुसरी,” खिडकीशी बसलेले बाबा म्हणाले. “दुसरी म्हणावं. पहिली लिहिलेली तिला चालायची नाही.”